शहा डोंगर ते रेहेकुरी : नगर जिल्ह्यातली एक दिवसाची सफर

गटाने परदेशी नेणाऱ्या सफरींच्या जाहिराती हल्ली घरोघरी मोबाईलवर येतात. दुबई, तुर्की, केनिया. वाटाड्या बरोबर असेल, जेवण हलाल असेल, नमाजच्या वेळा सांभाळल्या जातील, सकाळी जुन्या इमारती आणि दुपारनंतर रानातले प्राणी दाखवले जातील, असे त्यांत लिहिलेले असते. बेत छान असतो. रक्कम वाचली की मात्र बहुतेक घरांत विषय तिथेच थांबतो. आमच्याही घरांत तो अनेकदा थांबला. मग सात घरांनी मिळून ठरवले की हाच बेत आपल्या मुलखात करून पाहायचा. इमारती आणि प्राणी दोन्ही एका दिवसात दाखवू शकेल असा जिल्हा पुण्याला लागूनच आहे. जानेवारीतल्या एका सुटीच्या दिवशी फजरची नमाज अदा करून आम्ही लहानमोठी एकतीस माणसे दोन मिनीबसमधून नगरला निघालो.

कुरआनने माणसाला जमिनीवर फिरून पाहायला वारंवार सांगितले आहे. निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असा त्याचा रोख आहे. नगर जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात. एका डोंगरावर साडेचारशे वर्षांपूर्वीच्या वजीराची कबर आहे, आणि तिथून दोन तासांच्या अंतरावर माळावर काळवीट चरते आहे.

आमचे वाटाडे नगरचेच एक निवृत्त इतिहास शिक्षक होते. मुलेच काय, आमच्यातली वडीलधारी मंडळीही दिवसभर त्यांना ‘सर’च म्हणत राहिली. बसमध्ये चढल्याबरोबर त्यांनी मुलांना एकेक वही दिली आणि पानावर मधोमध रेघ ओढायला लावली. डाव्या बाजूला ‘लोक काय म्हणतात’, उजव्या बाजूला ‘खरे काय आहे’. “आज जे जे पाहाल ते या दोन्ही रकान्यांत लिहायचं. दोन्ही रकाने सारखे निघाले तर उत्तम. वेगळे निघाले तर का, ते मला विचारायचं.”

शहा डोंगर

शहराच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की एका उघड्या डोंगरमाथ्यावर आठ कोनांची, तीन मजली दगडी इमारत दिसते. दूरवरून, अनेक गावांतून ती दिसत राहते. नगरमध्ये कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल : चांदबीबीचा महाल. मुलांनी डाव्या रकान्यात तसे लिहिले. उजवीकडे लिहायची वेळ आली तेव्हा सरांनी आम्हाला खाली तळघराच्या तोंडाशी नेले. आत कबरी होत्या.

“महालात कबरी असतात का?” सरांनी विचारले.

हा महाल नव्हेच. निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबत खान याचा हा मकबरा. मुर्तजा निजामशहाच्या काळात त्याने कित्येक वर्षे राज्याचा कारभार पाहिला. १५८९ मध्ये तो वारला. चांदबीबीचा किल्ल्यावरचा पराक्रम त्याच्यानंतरचा. तिचे नाव लोकांच्या मनात इतके मोठे झाले की नगरच्या आसमंतातली सगळ्यात उंचावरची इमारत लोकांनी तिलाच देऊन टाकली. यात लोकांचे प्रेम आहे, हे खरे. पण त्या प्रेमात एक माणूस पुसला गेला. सलाबत खानाने या कोरड्या मुलखात पाण्याची कामे केली. जवळच्या भातोडीचा तलाव त्याच्याच नावाने सांगितला जातो.

भातोडीचे नाव निघाले तसे सरांनी त्या दिशेला हात केला. १६२४ मध्ये तिथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांचा एकत्र पराभव केला. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढत होते. शरीफजी तिथेच कामी आले. या दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. शाह शरीफ यांचा दर्गा आजही शहरात आहे. शाळेच्या पुस्तकात मुलांनी शहाजीराजांचे नाव शंभरदा वाचलेले होते. ते कुठून आले हे पहिल्यांदा कळले. एका मुलाने वहीत लिहिले, “शहाजी हे नाव आमच्या गावच्या बुजुर्गांचे.” सरांनी ते खोडायला लावले नाही. फक्त ‘आमच्या’च्या जागी ‘आपल्या’ करायला सांगितले.

वर चढल्यावर चारही बाजूंना मोकळा मुलूख दिसतो. जिने अरुंद आणि अंधारे आहेत, म्हणून गुडघे दुखणाऱ्या मंडळींनी खालच्या चौथऱ्यावरच बसणे पसंत केले. भिंतींवर खडूने आणि खिळ्याने कोरलेली जोड्यांची नावे होती. आमच्यातल्या एका आपांनी ती पाहून एवढेच म्हटले, “ज्याची कबर आहे त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि ही नावं मात्र दगडावर.” आम्ही कबरीत निजलेल्यांना सलाम केला, मगफिरतीची दुआ मागितली आणि उतरलो.

किल्ला

१४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाहीची घडी बसवली. १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी त्याने शहराची पायाभरणी केली, आणि शहराला त्याचे नाव पडले. २०२४ पासून शासनदरबारी शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. बसमध्ये एका मुलाने याबद्दल विचारलेच. त्या प्रश्नात थोडी बोच होती. मोठी माणसे गप्प झाली.

सर शांतपणे म्हणाले, “अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यातल्या. जामखेड तालुक्यात चोंडी म्हणून गाव आहे, तिथं १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. त्यांनी देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले. त्या मोठ्याच होत्या. आता सांग, अहमद निजामशहा कधी झाला, त्यानं काय बांधलं?” मुलगा गोंधळला. “पाटीवर काय लिहायचं ते सरकार ठरवतं,” सर म्हणाले. “तुझ्या डोक्यात काय लिहिलेलं असावं, ते तू ठरवायचं. डोकंच कोरं असेल तर पाटीवरून भांडून काय उपयोग?”

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. दारावर ओळखपत्रे दाखवावी लागतात आणि सांगितलेल्या वाटेनेच फिरावे लागते. सखल जमिनीवरचा हा भुईकोट किल्ला आहे : जवळजवळ गोल आकार, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास घेर, सभोवती रुंद खंदक, वीसहून अधिक बुरूज. आजचा दगडी तट हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यात बांधून घेतला. विजापूरच्या बुरजावर आज दिसणारी प्रचंड मलिक-ए-मैदान तोफही याच नगरची. मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती १५४९ मध्ये इथे ओतली.

याच तटावर चांदबीबी उभी राहिली. हुसेन निजामशहाची ही मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा निकाह झाला होता. पतीच्या मृत्यूनंतर तिने आधी विजापूरचे आणि पुढे माहेरचे राज्य सांभाळले. १५९५च्या अखेरीस शहजादा मुरादच्या हाताखालच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती हातात तलवार घेऊन भगदाडापाशी आली आणि रातोरात तट पुन्हा उभा करून घेतला, असे इतिहासकार लिहितात. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड सोडावा लागला, पण नगर वाचले. चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला तेव्हा तिच्याच माणसांनी फितुरीचा संशय घेऊन तिला ठार केले, आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. आमच्यातल्या मुलींनी हे ऐकताना एकही शब्द काढला नाही. महाल तिचा नसला तरी हा तट तिचा आहे, हे त्यांनी उजव्या रकान्यात ठळक लिहून ठेवले.

किल्ल्याजवळची दमडी मशीदही पाहून घेतली. १५६७ च्या सुमाराची ही छोटीशी दगडी मशीद कोरीव कामासाठी नावाजलेली आहे. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली, अशी कथा आहे. नावाची ही गोष्ट मुलांना सगळ्यांत आवडली. इथे दोन्ही रकाने सारखे निघाले.

मौलानांच्या चिमण्या

किल्ल्यातल्या बैठ्या खोल्यांच्या रांगेपाशी आम्ही सगळ्यांत जास्त वेळ थांबलो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसच्या कार्यकारिणीला अटक झाली आणि तिच्यातल्या पुढाऱ्यांना इथे आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद आणि काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ इथे लिहिले, हे आमच्यातही दोघातिघांनाच ठाऊक होते.

हे पत्रांचे पुस्तक आहे. पत्रे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राच्या नावे आहेत, पण ती लिहिताना टपालात टाकायची सोय नव्हती. सुटकेनंतर, १९४६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांत पहाटे उठून स्वतःच्या हाताने केलेल्या, बिनदुधाच्या चहाचे वर्णन आहे. सकाळपासून चहाची वाट पाहणाऱ्या आमच्यातल्या मंडळींना ते फार पटले.

१९४३ च्या मार्चमधल्या पत्रांत चिमण्यांची गोष्ट आहे. मौलानांच्या खोलीच्या जुन्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या आणि कचरा खाली पडायचा. सुरुवातीला मौलानांनी चिमण्यांशी चक्क लढाई पुकारली आणि त्यांना हाकलून लावले. चिमण्या परत आल्या. पुन्हा हाकलल्या, पुन्हा आल्या. शेवटी त्यांनी तह करायचे ठरवले. जमिनीवर तांदळाचे दाणे पसरले आणि हलायचे नाही असे ठरवून बसून राहिले. चिमण्या आधी लांबून पाहत, मग एकेक पाऊल पुढे येत. दिवसागणिक दाणे जवळ येत गेले, चिमण्याही आल्या, आणि अखेर त्यांच्या तळहातावरून दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावे दिली. कोणी कलंदर, कोणी मोती. नाव दिल्यावर एक चिमणी दुसरीसारखी राहिली नाही. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा दिसू लागला.

त्याच वर्षी ९ एप्रिलला कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी आहेत हे मौलानांना कळलेले होते. सरकारकडे अर्ज करून भेटीची परवानगी मागता आली असती. ज्या सरकारशी लढतो त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची नाही, म्हणून त्यांनी अर्ज केला नाही. त्या दिवसांच्या पत्रात आवारातल्या एका जुन्या, कोणाची ते माहीत नसलेल्या कबरीचा उल्लेख येतो. रोज दिसणारी ती कबर त्या दिवशी त्यांना वेगळीच वाटली. सर हे सांगत असताना एक वृद्ध चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी फातिहा पढली आणि आम्ही सगळ्यांनी आमीन म्हटले.

दस्तरखान आणि फरहबाग

जोहर आणि जेवणाची सोय नगरमधल्या ओळखीच्या एका घरी होती. पुरुष गल्लीतल्या मशिदीत गेले, महिलांनी घरातच नमाज अदा केली. मग अंगणात दस्तरखान पसरला. घरून आणलेले पराठे, शामी कबाब, आणि यजमानांच्या घरची बाजरीची भाकरी व वांग्याचा रस्सा. परदेशी सफरीत जेवणावळीचे ताट मिळते. इथे यजमानांनी हात धुवायला पाणी घातले आणि “आणखी घ्या” म्हणत पुढे बसून राहिले.

जेवून सोलापूर रस्त्याला लागताना शहराबाहेर फरहबाग पाहिली. निजामशाही काळातला हा महाल तलावाच्या मधोमध बांधलेला होता. त्याचे काम १५८३ मध्ये सलाबत खानाने पुरे केले, तोच शहा डोंगरावरचा सलाबत खान. दुष्काळी मुलखात तलावभर पाणी आले कुठून? नगरकरांनी त्या काळी कापूरवाडी, शहापूर अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालून नहरी आणल्या होत्या. उंचावरचे पाणी नळांतून उताराने शहरात, बागांत आणि हौदांत येई. आज तलाव कोरडा आहे, त्यात गवत वाढले आहे. पण मधल्या दालनात उभे राहिले की भर दुपारीही हवा गार लागते.

रेहेकुरीचा माळ

सोलापूर रस्त्याने मिरजगावपर्यंत जाऊन पुढे कर्जतकडे वळलो. झाडी कमी होत जाते, जमीन उघडी पडत जाते. खिडकीतून पाहत एक मुलगी म्हणाली, “इथं तर काहीच नाही.” सरांनी तिला तेच डाव्या रकान्यात लिहायला सांगितले.

रेहेकुरीचे अभयारण्य कर्जत तालुक्यात, कर्जतपासून जवळच आहे. १९८० मध्ये खास काळविटांसाठी ते राखून ठेवले गेले. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. केनियात एका दिवसात जेवढे अंतर गाडीने कापतात, त्याच्या कोपऱ्यात हे मावेल. दारापाशी वनरक्षक भेटले. मोठ्याने बोलायचे नाही, पळायचे नाही, काही खायला घालायचे नाही, रिकामी पाकिटे परत न्यायची, एवढे सांगून ते पुढे चालू लागले. बाभूळ, बोर, हिवर, खैर आणि त्यांच्यामध्ये पसरलेले पिवळे गवत. टिटवी ओरडत होती. एक चंडोल गवतातून सरळ वर उडाला आणि हवेतच गात राहिला.

थोडे चालल्यावर वनरक्षकांनी हात वर केला. गवताच्याच रंगाच्या माद्या होत्या, म्हणून आधी कोणाला दिसल्याच नाहीत. मग एकीने मान वर केली आणि एकदम सगळ्या दिसू लागल्या. मुलांनी बोटांवर मोजल्या : सतरा. त्यांच्या बाजूला एकटा नर, पाठ काळीभोर, पोट पांढरेशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे आणि पिळदार लांब शिंगे. मान मागे टाकून, शिंगे पाठीला लावून तो संथ पावलांनी माद्यांभोवती फिरत होता. एकतीस माणसे श्वास रोखून उभी होती. त्यांत चार वर्षांचे एक पोरही होते, ज्याला बसमध्ये गप्प बसवणे दिवसभर कोणाला जमले नव्हते.

कळप बिथरला तेव्हा आधी एक मादी ताठ पायांनी सरळ वर उसळली, मग दुसरी, तिसरी, आणि क्षणात सगळा कळप माळापार गेला. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावू शकते. एवढा वेग कशासाठी, असे एकाने विचारले. वनरक्षक म्हणाले, “चित्त्यासाठी. काळविटामागं धावणारा चित्ता आपल्या देशातून गेला, १९५२ मध्ये तसं जाहीर झालं. पण काळवीट अजून त्याच्या वेगानं धावतंय.” आता माळावर त्याच्यामागे लांडगा असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गावातली मोकाट कुत्री.

इथेही रकाने भरले गेले. लोक हरीण म्हणतात, पण चितळ-सांबरांसारखी हरणे सारंग कुळातली. त्यांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट कुरंग कुळातले. त्याची शिंगे गळत नाहीत. दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा होता. या माळाला कागदोपत्री आणि बोलण्यातही ‘पडीक जमीन’ म्हणतात. वनरक्षक म्हणाले, “पडीक म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, हिचं काहीतरी केलं पाहिजे. कोणी नांगर घालतो, कोणी प्लॉट पाडतो, कोणी झाडं लावायला येतो. गवत राहिलं नाही तर काळवीट राहत नाही.” माळढोकाचे तसेच झाले. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला मोठा मुलूख १९७९ मध्ये माळढोकासाठी राखून ठेवला होता. तो पक्षी आज या माळांवर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ‘काहीच नाही’ असे लिहिणाऱ्या मुलीने उजव्या रकान्यात ‘माळरान’ लिहिले आणि पुढे दिसलेल्या पक्ष्यांची नावे एकाखाली एक मांडली.

एका मुलाने आमच्यातल्या हाफिजसाहेबांना विचारले, “काळवीट हलाल आहे ना? मग शिकार केली तर काय बिघडतं?” प्रश्न घरचा होता, आणि त्याला टाळणे बरोबर नव्हते. हाफिजसाहेबांनी सांगितले की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे, आणि ज्या देशात राहतो तिथला असा कायदा पाळणे आपल्यावर बंधनकारकच आहे. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. हज-उमऱ्याला गेलेल्या माणसाने इहराम बांधला की हलाल जनावराचीही शिकार त्याला मना होते, हे कुरआनात आहे. मदिनेभोवतीचा परिसर रसूलुल्लाह सल्ल. यांनी हरम ठरवला, तिथली झाडे तोडायला आणि शिकार करायला बंदी केली. म्हणजे राखून ठेवलेली जागा ही कल्पना आपल्याला नवी नाही. चिमणीलाही नाहक मारले तर तिच्याबद्दल कयामतच्या दिवशी जाब द्यावा लागेल, या आशयाची हदीस त्यांनी सांगितली. सकाळच्या मौलानांच्या चिमण्या मुलांच्या डोक्यात ताज्या होत्या. आणखी उदाहरण हवे होते त्यांना सरांनी जहांगीर बादशहाची गोष्ट सांगितली. मन्सराज नावाचे त्याचे लाडके काळवीट मेले तेव्हा लाहोरजवळ शेखूपुऱ्याला त्याने कबर बांधली आणि त्या रानात हरणांच्या शिकारीला बंदी घातली. तिथला हिरन मिनार आजही उभा आहे.

असरची वेळ झाली होती. दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत चटया अंथरून आम्ही नमाज अदा केली. सलाम फेरला तेव्हा दूर गवतात तीन माद्या मान वर करून आमच्याकडे पाहत होत्या.

ज्वारी आणि काळवीट

बाहेर एका शेतात हुरडा चालू होता. शेतकरी भाऊंनी हाक मारून बोलावले. शेणाच्या आरावर कणसे भाजून, हाताने चोळून, गूळ आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पळसाच्या पानावर दिलेला तो हुरडा आम्ही उभ्यानेच खाल्ला. काळविटांबद्दल विचारले तेव्हा ते हसले. “हरणं बी आमचीच अन् ज्वारी बी आमचीच. त्यान्ला कुंपण ठावं न्हाई. राती येत्यात, कवळं कवळं खाऊन जात्यात. आमी राखण करतो, पर मारीत न्हाई. आमच्या आज्यानं मारलं न्हाई, आमी काय मारायचं.” पिकाच्या नुकसानीला भरपाईची सरकारी तरतूद आहे, पण थंडीत शेतावर काढलेल्या रात्रीची भरपाई कशी होणार?

आम्हाला वाटते, दिवसभरातली सगळ्यांत मोठी गोष्ट इथे कळली. अभयारण्य दोन चौरस किलोमीटरचे आहे. काळवीट मात्र त्याबाहेरच्या शेकडो शेतांमुळेही जगते आहे. ते कागदावर कोणाचेही असो, सांभाळतो तो ज्याला ते आपले वाटते तो. शहा डोंगराच्या मकबऱ्यालाही असाच शेजारी हवा आहे. आपल्या दीनमध्ये यासाठी शब्द आहे : अमानत. अमानत आपल्या मालकीची नसते, पण तिचा हिशेब आपल्याला द्यावा लागतो. आणि जिचे नावही ठाऊक नाही ती अमानत सांभाळणार कशी? अल्लाहने हजरत आदम अलै. यांना सर्वांत आधी वस्तूंची नावे शिकवली, हे आपण मुलांना मदरशात सांगतो. सलाबत खान, नहर, चंडोल, कुरंग ही नावेही त्यांना सांगायला हवीत.

सूर्य मावळायच्या आत निघालो. मगरिब कर्जतला अदा करून राशीन, भिगवणमार्गे परतीला लागलो.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. हवा गार असते आणि हुरड्याचा हंगामही त्यातच येतो. शहा डोंगर सकाळी करावा, किल्ला दुपारपूर्वी, आणि रेहेकुरीला चारच्या सुमारास पोचावे, कारण उन्हात काळविटे सावलीत बसलेली असतात. किल्ल्यासाठी प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. माळावर भडक रंगाचे कपडे टाळावेत. मातकट, हिरवट ओढणी किंवा बुरखा चांगला. पाणी भरपूर न्यावे, दुर्बीण असल्यास न्यावी. शहरातला स्थानिक वाटाड्या आवर्जून घ्यावा; त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत. आणि मुलांना वही द्यावी, मधोमध रेघ ओढलेली. आमच्या मुलांच्या वह्यांत अजून पुष्कळ कोरी पाने आहेत. बागरौझा, शाह शरीफ यांचा दर्गा, चोंडी अशी यादी त्यांनी पुढच्या खेपेसाठी स्वतःच करून ठेवली आहे. इन्शाअल्लाह, पावसाळा सरला की निघू.